कोहिनूरची हळहळ आणि वऱ्हाडचा विसर

'हिरा तो हिरा, गार ती गार' असे आपल्याकडे म्हणतात. गुणी मुलाला बाप 'माझा हिरा' म्हणतो. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या गवळणीची गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे नावही हिरकणीच असते. उर्दूत हिऱ्याला अल्मास म्हणतात आणि हे नाव आपल्या घरांतून लेकीबाळींना मोठ्या हौसेने ठेवले जाते. जुन्या नाटकांतला मानी सरदार बोटातल्या अंगठीतली हिरकणी गिळून प्राण सोडतो. खरे म्हणजे हिरा हा कोळशाचाच भाऊबंद. तो विष नव्हे आणि पुरेशी आच दिली तर जळूनही जातो. पण लोकमानसातला हिरा विज्ञानाला विचारून चमकत नाही.

या लोकमानसातला सर्वांत मोठा हिरा कोहिनूर. दर काही वर्षांनी तो परत मागण्याची चर्चा उठते. आपल्या बैठकींतूनही त्याच्यासाठी सुस्कारे टाकले जातात, 'हमारा कोहिनूर' म्हणून. सुस्कारे टाकण्यास हरकत नाही. मात्र ज्या हाताने कोहिनूर नेला त्याच हाताने चार वर्षांनी आणखी एक ऐवज उचलला. त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. तो ऐवज म्हणजे आपले वऱ्हाड. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूरसह सारा मुलूख. या लेखात त्या दोन ऐवजांचा हिशेब एकत्र मांडायचा आहे.

वऱ्हाडचा आणि हिऱ्याचा संबंध तसा जुना. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या वाटेने. देवगिरीच्या यादवांकडून त्याने जी लूट नेली तिच्या यादीत फरिश्ताने सोने, मोती आणि माणकांबरोबर हिरेही नोंदवले आहेत. पुढे १४२५-२६ च्या सुमारास अहमदशाह वली बहमनी या भागात उतरला. त्याने माहूर घेतले आणि गोंडवनाच्या हद्दीवरचे 'कल्लम' हे हिऱ्याच्या खाणीचे ठाणे घेतले, असे फरिश्ता सांगतो. त्यानंतर तो वर्षभर एलिचपुरात राहिला. गाविलगड त्याने बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली ती याच मुक्कामात.

अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सुभे वऱ्हाडचे वर्णन केले. त्यात पूर्वेकडच्या चांद्याच्या गोंड राजाची हकिकत येते आणि तिथेच बैरागडचा उल्लेख आहे. हे बैरागड म्हणजे आजचे गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातले वैरागड. तिथे हिऱ्याची खाण आहे आणि तिथे नक्षीचे कापडही विणले जाते, असे अबुल फजल एका दमात नोंदवतो. या नोंदीपाशी मी नेहमी थांबतो. हिरा आणि कापड बादशहाच्या दफ्तरात शेजारी शेजारी बसले आहेत. पुढच्या इतिहासाने मात्र हिऱ्याची बखर लिहिली, विणकराची लिहिली नाही.

खाणीत राबणाऱ्यांचीही लिहिली नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीवर गेला, तेव्हा तिथे बायका-मुलांसह सुमारे ६०,००० माणसे खपत होती. दुसऱ्या एका खाणीवरच्या मजुराला वर्षाकाठी तीनच होन मिळतात, असे त्याने लिहून ठेवले. अशाच हिऱ्यांच्या व्यापारातून इस्फहानकडचा एक गरिबाघरचा माणूस मीर जुमला म्हणून गोवळकोंड्याचा वजीर झाला आणि पुढे शाहजहानच्या दरबारी पोहोचला. मीर जुमलाचे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटते. त्या साठ हजारांतले एकही नाव कुठे नाही.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत साऱ्या जगाला हिरा पुरवला तो मुख्यतः हिंदुस्थानने. म्हणून आपल्या हिऱ्यांमागे जगभरचे राजे लागले. कोहिनूरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १७३९ मध्ये नादिरशहाने तो दिल्लीहून नेला. मग तो अहमदशाह अब्दालीच्या घराण्याकडे गेला आणि १८१३ मध्ये महाराजा रणजितसिंगांकडे आला. २९ मार्च १८४९ रोजी लाहोरच्या तहाने पंजाब खालसा झाला. त्या तहात कोहिनूर इंग्लंडच्या राणीला देण्याचे स्वतंत्र कलमच होते. देणारा महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता आणि घेणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. डलहौसीने हा हिरा स्वतःच्या कमरपट्ट्यात शिवून लाहोरहून मुंबईला आणला आणि १८५० मध्ये तो जहाजावर चढवला. लंडनच्या प्रदर्शनात लोकांना त्याची चमक फिकी वाटली, म्हणून १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले. १८६ कॅरटचा हिरा १०६ कॅरटांच्याही खाली आला.

त्याच्या पुढच्याच वर्षी वऱ्हाडची पाळी आली. हैदराबादच्या निजामाने इंग्रजांच्या देखरेखीखाली 'कंटिंजंट' नावाची फौज बाळगायची आणि तिचा पगार भरायचा, अशी व्यवस्था होती. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. खर्च थकत गेला आणि कर्ज वाढत गेले. दरबारचे जडजवाहीर गहाण ठेवून पैसा उभा करण्याची खटपटही झाली. ती पुरी पडली नाही. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. गव्हर्नर जनरल तोच, डलहौसी. वर्ष उलटते न उलटते तोच नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि वैरागडची ती जुनी हिऱ्याची भूमीही त्याच्या हाती आली. भोसल्यांच्या वाड्यातले दागिने लिलावात निघाले.

डलहौसीला वैरागडच्या हिऱ्यांत रस नव्हता. १८५६ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याने आपल्या कारभाराचा जो अहवाल लिहिला त्यात वऱ्हाड आणि नागपूरकडचा उत्तम कापसाचा मुलूख हाती आल्याचे समाधान स्पष्ट दिसते. मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई हवी होती. तेव्हा कोहिनूर हा राणीसाठी नजराणा होता, पण खरा ऐवज आपली काळी माती होती. हे डलहौसीला कळले होते. आपल्याला ते अजून पुरते कळलेले नाही.

पुढचा प्रकार तर अधिक बोलका आहे. १८६० च्या तहाने इंग्रजांनी निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ केले. रायचूर आणि धाराशिवकडचा मुलूख परत दिला. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. कर्ज फिटले तरी गहाण सुटले नाही! १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. येताना तिने विलायती कापड आणले आणि जाताना रुईच्या गाठी नेल्या. अचलपूरचे मोमीन आणि बाळापूरचे विणकर, ज्यांच्या हातमागांवर कित्येक पिढ्या जगल्या, त्यांचे माग एकामागून एक थंडावले. शेतात ज्वारीची जागा कापसाने घेतली. १८९९-१९०० च्या दुष्काळात या श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' या म्हणीतली कुऱ्हाड नेमकी कोणावर पडली, ते इथे दिसते.

आणि हैदराबाद? तिथेही हिऱ्याचीच गोष्ट चालू होती. १८९१ मध्ये निजाम महबूब अली खान यांनी अलेक्झांडर जेकब नावाच्या जवाहिऱ्याशी एका हिऱ्याचा सौदा केला. ४६ लाखांचा हिरा, २३ लाख अनामत. सौद्यावरून कज्जा झाला आणि प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेले. हिरा मिळाला, पण निजामांचे मन त्यावरून उडाले. पुढे त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांना तो वडिलांच्या जुन्या बुटाच्या टोकात सापडला आणि त्यांनी त्याचा उपयोग टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून केला. ज्या राज्याच्या खाणींनी जगाला हिरे दिले, त्या राज्याच्या धन्याने विकत घेतलेला हा हिरा आला होता दक्षिण आफ्रिकेतून. गोवळकोंड्याच्या खाणी तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

५० लाखांच्या कर्जात वऱ्हाड अडकले होते आणि एका खड्याचा सौदा ४६ लाखांचा! दोन्हींत चाळीस वर्षांचे अंतर आहे, हे मान्य. तरीही हे आकडे शेजारी ठेवले की डोळे उघडतात. १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाखांच्या खंडावर इंग्रजांकडे कायमचे गेले. उस्मान अली खान यांनी ते परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्यांना इंग्रजी सत्तेच्या सार्वभौमत्वाचा धडा लिहून पाठवला. १९३६ मध्ये युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. नाव मिळाले, मुलूख नाही. आणि या साऱ्या पत्रव्यवहारात वऱ्हाडच्या रयतेला, हिंदू असो वा मुसलमान, कोणी काही विचारले नाही. निजामाच्या अमलातले इजारदारही तिला काही कमी पिळत नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या धर्मशास्त्रात याविषयी एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कुरआनमध्ये मोती, पोवळे आणि याकूत यांची नावे येतात, अल्मासचे येत नाही. बहुतेक फकिहांच्या मते व्यापारासाठी नसलेल्या हिऱ्यावर जकात नाही, कारण ती वाढणारी संपत्ती नव्हे. शेतातल्या पिकावर मात्र, हनफी मतानुसार, उश्र आहे. म्हणजे फिकहच्या दृष्टीनेही वाढणारा, लोकांच्या उपयोगी पडणारा ऐवज तो जमिनीतून उगवणारा. वैरागडचा हिरा एकदाच निघाला. वऱ्हाडचा कापूस दर हंगामात फुटतो.

१९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे १७३ दागिने २१८ कोटींना विकत घेतले. त्यात तो जेकब हिराही आहे. तो आता राष्ट्राचा आहे आणि अधूनमधून प्रदर्शनात मांडला जातो. लोक रांगा लावून पाहतात. २००६ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत. ज्या मातीसाठी साम्राज्याने तह केले, त्या मातीत राबणाऱ्याचा भाव अजून ठरायचा आहे.

बाबराने आपल्या आठवणींत १५२६ साली आग्र्याला हुमायूनला मिळालेल्या एका थोर हिऱ्याविषयी लिहिले आहे. पारख्यांनी त्याची किंमत केली ती मोहरांत नाही. साऱ्या जगाला अडीच दिवस पुरेल एवढ्या अन्नाइतकी त्याची किंमत, असे ते म्हणाले. बाबराने तो हिरा मुलाला परत देऊन टाकला. हिऱ्याचे मोल अखेर भाकरीतच मोजावे लागते, हे त्या पारख्यांना ठाऊक होते. तेव्हा कोहिनूरसाठी जरूर हळहळावे, पण त्यातली थोडी हळहळ अचलपूरच्या थंडावलेल्या मागासाठी आणि अकोल्याच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी लावून भावाची वाट पाहणाऱ्या माणसासाठीही राखून ठेवावी. त्याचा हिशेब आपल्याला लंडनकडे मागायचा नाही, तो आपल्यालाच द्यायचा आहे.