शेल-शॉक : एका शब्दाची हकीकत

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या सुमारास, सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवांत एक वृद्ध पेन्शनर शिपाई राहात. पहिल्या महायुद्धांत बसऱ्याकडे जाऊन आलेले. सारा गांव त्यांस आबा म्हणे. माणूस गरीब, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. पण त्यांच्या दोन गोष्टींचें आम्हां मुलांस मोठें नवल वाटे. एक अशी कीं, भर पावसाळ्यांतहि ते घरांत निजत नसत. पडवीच्या कडेला, वाटेकडे तोंड करून, बसल्या बसल्या रात्र काढीत. आणि दुसरी अशी कीं, त्यांच्या बंडीच्या खिशांत फुटाण्यांची पुरचुंडी सदैव असे, पण तींतला दाणा ते स्वतः खात नसत आणि कोणाला देतहि नसत. आबांना बाहेरची बाधा आहे, असें गांवचें मत होतें. अंगारे झाले, गंडेदोरे झाले, दोन देवऋषी झाले. आबांनीं सर्व निमूटपणें करून घेतलें आणि रात्रीं पुन्हां पडवींत जाऊन बसले.

पुढें मी मराठी शाळेंत तीस वर्षें इतिहास शिकविला. १९१४ चें महायुद्ध ‘कारणें, घटना, परिणाम’ अशा तीन मथळ्यांखालीं किती वर्गांना लिहून दिलें याची गणती नाहीं. पण आबांची पुरचुंडी या तिहींपैकीं कोणत्या मथळ्याखालीं येते, हा प्रश्न मला निवृत्त होईपर्यंत पडला नाहीं. गेल्या कांहीं वर्षांतील वाचनानें तो पडला. त्याविषयींच आज बोलणार आहें.

मनाला जखम होते, ही गोष्ट आज आपणांस सरळ वाटते. वैद्यकानें मात्र ती फार उशिरां आणि फार कांकूं करीत मान्य केली. युरोपांत आगगाड्या सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर आगगाड्यांचे अपघातहि. ९ जून १८६५ रोजीं इंग्लंडांत स्टेपलहर्स्ट येथें पुलाच्या दुरुस्तीचें काम चालू असतां गाडी रुळांवरून खालीं गेली व दहा माणसें दगावलीं. त्या गाडींत प्रख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांस इजा अशी झाली नाहीं. आपल्या टोपींत पाणी भरून आणून त्यांनीं जखमींना पाजलें, आणि लटकणाऱ्या डब्यांत पुन्हां चढून आपलें हस्तलिखितहि बाहेर काढलें. हें सर्व निस्तरल्यावर मग त्यांची वाचा बसली, ती कित्येक दिवस. पुढें आगगाडींत बसलें कीं त्यांस अवचित कापरें भरे. पांच वर्षांनीं, ९ जून याच तारखेस, ते वारले. अशा रोग्यांच्या पाठीच्या कण्याला हादरा बसलेला असतो, असें एरिकसन नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८६६ सालीं प्रतिपादिलें. रेल्वे कंपन्यांचे वकील म्हणत, भरपाईसाठीं घेतलेलें हें सोंग आहे. कणा कीं सोंग, असा तो वाद कोर्टांतून कित्येक वर्षें चालला.

१९१४ चें युद्ध सुरू झालें तेव्हां हा वाद घेऊनच डॉक्टर मंडळी आघाडीवर गेली. चर खणून त्यांत महिनेच्या महिने बसावयाचें, डोक्यावर तोफगोळे पडत राहावयाचे, आणि पळतां येत नाहीं कीं उलट हात उगारतां येत नाहीं, असें हें युद्ध होतें. चार्ल्स मायर्स नांवाच्या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञांनीं फ्रान्समधील रुग्णालयांत असे तीन शिपाई पाहिले कीं, ज्यांच्याजवळ गोळे फुटले होते. अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती, पण दृष्टि अधू झालेली, वास व चव नाहींशी झालेली, स्मरण तुटलेलें. फेब्रुवारी १९१५ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं यावर लेख लिहिला आणि त्यांत ‘शेल-शॉक’ हा शब्द छापला गेला. शेल म्हणजे तोफेचा गोळा, शॉक म्हणजे धक्का. शब्द मीं घडविला नाहीं, असें मायर्स पुढें सांगत. आणि आपण तो छापला याचा त्यांस पस्तावाहि झाला.

पस्ताव्याचें कारण असें. थोड्याच दिवसांत दिसून आलें कीं, ज्यांच्या आसपास गोळा कधीं फुटलाच नाहीं अशांचेहि हातपाय लुळे पडत होते. मग हा गोळ्याचा धक्का कसा? लष्करानें कारकुनी तोडगा काढला. शत्रूच्या गोळ्यामुळें झालें असेल तर कागदावर ‘डब्ल्यू’ अक्षर, म्हणजे जखमी. त्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पुढें पेन्शन. तसें नसेल तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. पट्टी नाहीं, पेन्शनचीहि शाश्वती नाहीं. एका अक्षरानें माणूस शूर ठरावा किंवा दुबळा ठरावा, असा हा हिशेब. सरकारी दप्तरांशीं माझा आयुष्यभर संबंध आला आहे, म्हणून मला याचें आश्चर्य वाटलें नाहीं. वाईट मात्र वाटलें.

पण त्याहून भयंकर असें तिसरेंहि एक अक्षर होतें, आणि तें लष्करी न्यायालयाच्या हातीं होतें. हॅरी फार हा पंचवीस वर्षांचा शिपाई १९१५ सालीं याच दुखण्यानें पांच महिने रुग्णालयांत होता. परिचारिकेला त्याचीं पत्रें लिहून द्यावीं लागत, इतका हात कांपे. बरा म्हणून त्यास पुन्हां आघाडीवर धाडलें. सप्टेंबर १९१६ मध्यें त्यानें पुढें जाण्यास नकार दिला. मला सहन होत नाहीं, एवढेंच तो सांगत राहिला. चौकशी थोडक्यांत आटोपली. त्याच्या बाजूनें बोलावयास कोणी वकील नव्हता. १६ ऑक्टोबर १९१६ रोजीं पहांटे, भित्रेपणाच्या आरोपावरून, त्यास त्याच्याच बाजूच्या शिपायांनीं गोळ्या घातल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यास त्यानें नकार दिला, असें नमूद आहे. विधवेला मिळणारा भत्ता बंद झाला. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत पळून जाणें, भित्रेपणा इत्यादि आरोपांवरून असे ३०६ शिपाई मारले गेले. त्यांस माफी देणारा कायदा पार्लमेंटनें २००६ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं, केला. हॅरीची मुलगी तो दिवस पाहण्यास हयात होती.

आतां उपचारांकडे वळूं. लंडनच्या एका रुग्णालयांत डॉक्टर यीलंड विजेचा उपयोग करीत. १९१८ सालच्या त्यांच्या ग्रंथांत एका मुक्या झालेल्या शिपायाची हकीकत आहे. हा चोवीस वर्षांचा शिपाई नऊ मोठ्या लढायांतून पार पडला होता. त्यास काळोख्या खोलींत नेऊन, दार बंद करून, घशाला विजेचे झटके देण्यांत आले. आणि तूं पूर्वीसारखा बोलल्याशिवाय या खोलींतून बाहेर पडणार नाहींस, असें बजावण्यांत आलें. चार तासांनीं तो बोलला. डॉक्टरांनीं केस बरी झाल्याची नोंद केली. छडीच्या धाकानें पाढे म्हणवून घेणारे गुरुजी मीं पाहिले आहेत. त्या पाढ्यांचें पुढें काय होतें, हेंहि पाहिलें आहे.

याच सुमारास स्कॉटलंडांत एडिंबरोनजीक क्रेगलॉकहार्ट येथें, अधिकाऱ्यांसाठीं काढलेल्या रुग्णालयांत, डॉक्टर रिव्हर्स निराळ्या रीतीनें काम करीत होते. हे गृहस्थ मानववंशशास्त्राचेहि अभ्यासक. निलगिरीवरील तोडा लोकांत राहून त्यांनीं १९०६ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ते स्वतः बोलतांना अडखळत. परक्या माणसाचें बोलणें, तो काय म्हणतो तें समजेपर्यंत, स्वस्थपणें ऐकून घ्यावयाचें, ही संवय त्यांस त्या अभ्यासानेंच लाविली असावी, असा माझा तर्क आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना घरच्यांनीं, मित्रांनीं, आधींच्या डॉक्टरांनीं एकच उपदेश केलेला असे : तें सारें विसरून जा, दुसरें कांहीं मनांत आण. आपणहि शोकग्रस्ताला हेंच सांगतों, नाहीं का? रिव्हर्स यांचा अनुभव उलट होता. दिवसभर जें मनाबाहेर ढकलावें, तें रात्रीं दुप्पट जोरानें परत येतें. डिसेंबर १९१७ मध्यें लंडनच्या वैद्यकीय सभेपुढें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं हें उदाहरणांनिशीं मांडलें.

त्यांतील दोन उदाहरणें मला विसरतां येत नाहींत. एका अधिकाऱ्यानें रणांगणांत आपला मित्र शोधला, तो त्याचें शरीर छिन्नविच्छिन्न होऊन पडलेलें. रोज रात्रीं तो मित्र स्वप्नांत तसाच दिसे. रिव्हर्स यांनीं त्यास विसर असें म्हटलें नाहीं. ते म्हणाले, शरीराची ती अवस्थाच सांगते कीं मरण क्षणांत आलें. त्याला कांहीं सोसावें लागलें नाहीं. या बाजूनें त्या अधिकाऱ्यानें कधीं विचारच केला नव्हता. पुढें एका रात्रीं स्वप्न पडलें तें असें : तो मित्राच्या प्रेताजवळ गुडघे टेकून बसला आहे आणि घरच्यांना पाठविण्यासाठीं त्याच्या चीजवस्तु गोळा करीत आहे. जाग आली तेव्हां भय नव्हतें, दुःख होतें. भयाचें दुःख झालें, ही सुधारणाच म्हणावयाची. दुसऱ्या अधिकाऱ्याचें तसें झालें नाहीं. स्फोटानें तो एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशीं आदळला होता. त्या आठवणींत धरून ठेवावें असें कांहींच नव्हतें, आणि रिव्हर्स यांनीं तसें उघड कबूल केलें. त्या माणसानें सैन्य सोडून खेड्यांत मोकळ्या हवेंत राहावें, एवढेंच तेव्हां ठरलें. अपयश छापणारे वैद्य विरळा. माझा त्यांच्यावरचा विश्वास या दुसऱ्या उदाहरणानें अधिक वाढला.

याच रुग्णालयांत जुलै १९१७ मध्यें सिग्फ्रीड ससून हे कवि आले. नांव ओळखीचें वाटेल. पुण्याचें ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीनें उभें राहिलें ते मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून, हे त्यांचे पणजोबा. सिग्फ्रीड यांनीं युद्ध लांबविल्याबद्दल सरकारचा जाहीर निषेध केला होता. खटला टाळण्यासाठीं त्यांस रोगी ठरविण्यांत आलें. तेथेंच विल्फ्रेड ओवेन हे तरुण कवि होते. त्यांच्यावर डॉक्टर ब्रॉक यांचे उपचार होते. ब्रॉक यांचा भर कामावर असे. तुटलेला माणूस जमिनीशीं, शेजाऱ्यांशीं, कामाशीं पुन्हां जोडला पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. ओवेन यांनीं रुग्णालयाचें नियतकालिक संपादिलें, शाळेंत शिकविलें, कविता लिहिल्या. बरे झाले, आणि बरे झाले म्हणून परत गेले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं ते मारले गेले. तार त्यांच्या आईवडिलांच्या हातीं पडली तेव्हां गांवांत युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत होत्या. बरा करावयाचा तो पुन्हां त्याच तोंडीं देण्यासाठीं, हा पेंच रिव्हर्स यांस कधीं सुटला नाहीं. १९२२ सालीं ते वारले.

त्याच वर्षीं सरकारी समितीनें ‘शेल-शॉक’ हा शब्दच टाकून द्यावा, अशी शिफारस केली. शब्द गेला, दुखणें राहिलें. दुसऱ्या महायुद्धांत तें पुन्हां शोधावें लागलें. व्हिएटनामहून परतलेल्या शिपायांनीं आणि त्यांच्या डॉक्टरांनीं वर्षानुवर्षें आग्रह धरल्यावर, १९८० सालीं, अमेरिकन मानसोपचार संघानें आघातोत्तर विकार म्हणून त्याची आपल्या सूचींत नोंद केली. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचें दुखणें याच जातीचें आहे, हें ज्युडिथ हर्मन या विदुषींनीं १९९२ सालच्या ग्रंथांत विशद केलें. त्यांच्या मतें माणूस सावरतो तो अशा क्रमानें : प्रथम सुरक्षितता, मग स्मरण व शोक, मग माणसांशीं पुन्हां नातें. यांतील पहिली पायरी गाळून चालत नाहीं. आघातानंतर लागलीच माणसाला बोलतें करण्याची घाई लाभाची नसते, असें अलीकडील पाहण्यांवरून दिसून आलें आहे. पुष्कळांचें मन आपल्या माणसांत हळूहळू सावरतें. ज्यांचें सावरत नाहीं, त्यांना जाणत्याची मदत लागते.

आतां आबा. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. टायग्रिस नदीकांठच्या कूत गांवीं तुर्कांनीं या फौजेला ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढून ठेविलें. धान्य संपत आलें; घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्माच्या विचारानें तें मांस फार दिवस शिवलें नाहीं व उपाशी राहिले. शेवटीं सुमारे १३ हजार लोक शरण गेले, आणि त्यांस वाळवंटांतून शेंकडों मैल चालवीत नेलें. वाटेंत किती पडले! जे परत आले त्यांच्यासाठीं क्रेगलॉकहार्ट नव्हतें. तें अधिकाऱ्यांसाठीं होतें, आणि तेहि गोऱ्या. सातारा-रत्नागिरीच्या शिपायाला देवऋषी होता.

मी पांचवींत असतांना उन्हाळ्याच्या सुटींत ओट्यावर नकाशांचें पुस्तक उघडून बसलों होतों. आबा येऊन शेजारीं टेकले. म्हणाले, "ह्यात कूत कुठं हाय रं, बाळा?" मीं पुष्कळ शोधलें, सांपडेना. बसरा सांपडलें. आबांनीं तेथें बोट ठेविलें आणि नदीच्या निळ्या रेघेवरून तें सावकाश वर नेलें. एके जागीं थांबले. मग त्यांनीं चार नांवें घेतलीं, गांवांसकट. यांतला कोण कोठें पडला, तें बोटानेंच दाखविलें. मला कांहीं कळलें नाहीं, आणि सुचलेंहि नाहीं. मी नुसता ऐकत राहिलों.

त्या सुटींत ते चार-पांच वेळां आले. दर वेळीं तेंच पान, तींच नांवें, कधीं एखादी नवी गोष्ट. शेवटच्या वेळीं त्यांनीं पुस्तक मागितलें नाहीं. खिशांतली पुरचुंडी सोडली, मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेविले, आणि यंदा मृग वेळेवर लागेल कीं नाहीं, याविषयीं आमच्या वडिलांशीं बोलत बसले.