पाटणची ग्रहणपौर्णिमा

मंडळी, आपल्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. केव्हा? सन १२०७, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी.

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोर, मधे पृथ्वी. (म्हणून तर पुनवेचा चंद्र पाहायचा तो दिवस मावळताना, पूर्वेला.) भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त, सन ११५० मध्ये, मुद्दा मांडला तो असा: चंद्राला ग्रहण पूर्वेकडून लागतं, सूर्याला पश्चिमेकडून. गिळणारा राहू एकच असता तर असं का व्हावं? चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली. आणि पुढे तेच म्हणतात, राहू त्या सावलीत शिरतो! कोणी याला तडजोड म्हणेल. मला तो सभ्यपणा वाटतो. पुराण मोडलं नाही आणि गणितही सोडलं नाही.

ग्रहणातलं दान मोठ्या पुण्याचं, ही समजूत तेव्हाही होती. ते दान मिळालं मात्र ग्रहण म्हणजे सावली असं शिकवणाऱ्या मठाला. लेखाचा शेवट तर चक्क मराठीत आहे: गावात जितके घाणे चालतील, तितक्यांनी मठाला पळीपळी तेल द्यावं.