'ऑन रोड' किमतीतील न दिसणारे आकडे

गुढीपाडवा आणि दसरा हे मोटारींच्या शोरूममधील सर्वाधिक गर्दीचे दिवस. गाडीला हार घातलेला असतो, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते, घरची मंडळी पेढे घेऊन उभी असतात. अशा वेळी हिशेबाच्या कागदावर 'हँडलिंग चार्जेस' किंवा 'लॉजिस्टिक्स' या नावाने काही हजार रुपयांची ओळ दिसली, तरी हुज्जत घालण्याची कोणाची इच्छा नसते. मुहूर्त टळू नये म्हणून पैसे भरले जातात. मात्र ही रक्कम नेमकी कशाची, हे विचारण्याची योग्य वेळ डिलिव्हरीच्या दिवशी नव्हे, तर बुकिंगपूर्वीच असते.

तीन वेगळे वाटे

एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारातील किंमत. कारखान्यापासूनची वाहतूक, वस्तू व सेवा कर आणि विक्रेत्याचा नफा तीत धरलेला असतो. तिच्यावर जे चढते, त्याचे तीन वाटे पडतात. एक सरकारचा, दुसरा विमा कंपनीचा आणि तिसरा विक्रेत्याचा. पहिला टाळता येत नाही, दुसऱ्यात निवड करता येते आणि तिसरा बहुतांशी ऐच्छिक असतो. कोटेशनमध्ये मात्र तिन्ही एकाच बेरजेत मिसळलेले असतात.

सरकारी देणी

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेल मोटारीला १३ ते १५ टक्के एकरकमी वाहन कर आहे. केंद्रीय नियमांनुसार खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि कर्ज असल्यास बँकेचा बोजा नोंदविण्याचे १,५०० रुपये आहे. म्हणजे ९ लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर ९९ हजार रुपये कर होतो आणि नोंदणीची किरकोळ शुल्के धरूनही ही रक्कम लाखाच्या थोडी पुढे जाते. 'आरटीओ खर्च' म्हणून त्याहून बरीच मोठी रक्कम लिहिली असल्यास फरकाचा खुलासा मागावा. कर भरल्याची पावती 'वाहन' या सरकारी प्रणालीतून निघते. तिच्यावरील आकडा आणि विक्रेत्याने घेतलेला आकडा जुळायला हवा.

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने, त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी विक्रेत्यावरच टाकली आहे. अधिकृत विक्रेत्याकडील नवे वाहन पहिल्या नोंदणीसाठी परिवहन कार्यालयात हजर करण्याची अटही याच कायद्याने काढली. त्यामुळे 'गाडी आरटीओत नेण्याचा खर्च' ही सबब टिकत नाही.

गाडीची किंमत १० लाखांहून अधिक असल्यास एक टक्का टीसीएस आकारला जातो. हा खर्च नव्हे. तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावे.

विमा कोणाकडून?

नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये आणि त्यापुढे २४,५९६ रुपये, अधिक कर. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि जोड संरक्षणांत.

ठरावीक कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. बाहेरून विमा घ्यायचा असल्यास चॅसी व इंजिन क्रमांक आधी मागून घ्यावेत, कारण विम्याशिवाय नोंदणी होत नाही. दरांची तुलना करताना गाडीची विमा किंमत आणि जोड संरक्षणे सारखीच आहेत ना, हे पाहावे. 'बाहेरच्या विम्यावर कॅशलेस मिळणार नाही' असे सांगितले गेल्यास, त्या वर्कशॉपशी करार आहे का, याची विचारणा थेट विमा कंपनीकडे करावी.

विक्रेत्याच्या ओळी

'हँडलिंग चार्जेस' नावाचे कोणतेही सरकारी शुल्क कायद्यात नाही. गोदामातून गाडी आणणे, धुणे, तपासणे ही त्यामागची नेहमीची कारणे. पण विकायची वस्तू ग्राहकाच्या हाती देण्याजोगी करणे हा विक्रीचाच भाग आहे. 'एसेन्शियल किट'मधील मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, तसेच कोटिंग आणि वाढीव वॉरंटी हे सारे ऐच्छिक आहे. नको असलेली ओळ काढून टाकण्यास सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

सवलतीच्या आकड्यानेही भुलू नये. २० हजारांची सूट देऊन १५ हजारांचे किट माथी मारले, तर हाती उरतात पाचच हजार. त्यामुळे दोन विक्रेत्यांची तुलना सवलतीवरून नव्हे, तर शेवटच्या बेरजेवरून करावी.

बुकिंगपूर्वी हे करावे

- प्रत्येक रकमेची स्वतंत्र ओळ असलेले, सही-शिक्क्याचे कोटेशन घ्यावे.
- बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.
- पैसे धनादेशाने वा बँकेतून द्यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.
- पावती देण्यास नकार मिळाल्यास ती रक्कम भरू नये.

दाद कुठे मागावी?

एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. प्रथम विक्रेत्याकडे आणि उत्पादक कंपनीकडे लेखी तक्रार करावी. हँडलिंगसारख्या आकारणीची तक्रार परिवहन कार्यालयाकडेही करता येते, कारण विक्रेत्याला व्यवसाय प्रमाणपत्र तेथूनच मिळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथेही दाद न लागल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.

मात्र आयोगापुढे उपयोगी पडतो तो कागदच. तोंडी हिशेबावर भरलेले पैसे परत मागणे अवघड, तर कोटेशनवरील एक ओळ बुकिंगआधी खोडून घेणे सोपे असते.