लाखेच्या पाण्यातला रंग

फाल्गुनातलं ऊन. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाहेर, धानाच्या बांधावरच्या पळसाखाली तुम्ही उभे आहात. फांदीवरचा तो खडबडीत तपकिरी थर म्हणजे लाख, बारीक किड्यांनी झाडाचा रस पिऊन केलेली. नखानं थोडी खरवडून घ्या आणि मागे चला.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किननं डांबरापासून जांभळा रंग काढला. तुम्ही त्याच्याही आधीच्या काळात पोचला आहात. पुडीतला रंग अजून जन्मला नाही. समोर मडकं आहे. कुटलेली लाख पाण्यात चोळा. पाणी आधी गढूळ, मग गर्द तांबडं होतं. तुरटी घाला, कोशाचं सूत बुडवा, आच मंद ठेवा. सूत पिळलं, नदीत धुतलं, तरी लाली हटत नाही. तुमच्या बोटांच्या पेरांतही ती बसली आहे.

आणखी मागे चला, सुमारे अडीच हजार वर्षं. दूर वायव्येला, शलातुर गावी पाणिनी व्याकरण रचतोय. चौथ्या अध्यायाचा दुसरा पाद तो रंगवलेल्या कापडापासूनच सुरू करतो. ‘राग’ म्हणजे रंगवायचं द्रव्य, ‘रक्त’ म्हणजे रंगवलेलं. लगेच पुढच्या सूत्रात लाख येते: लाखेनं रंगवलं ते ‘लाक्षिक’. राग, रक्त, रंजन, रंग ही सारी ‘रञ्ज्’ या एकाच धातूची लेकरं. रंगणं, तांबडं होणं आणि मन गुंतणं, असे तिन्ही अर्थ त्या धातूत आहेत. तुमच्या पेरांवरच्या लालीचं नातं ‘रंग’ या शब्दाशी असं आहे.

‘रंग’ हा शब्द नाटकाकडेही वळला. नाट्यशास्त्रात ‘रंगपीठ’ म्हणजे नाटकाचा मंच आहे, आणि आपल्याकडे, पूर्व विदर्भात, झाडीपट्टी रंगभूमी. आता परत या, वडशाच्या परिसरात. धान घरात आलंय, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झालाय, आणि थंडीत घोंगडी पांघरून गाव रात्रभर नाटकाला बसलंय. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या, गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटे घरी परतणारे म्हणतात, ‘नाटक रंगलं.’ कापड रंगतं तसंच: आधी भिजावं लागतं.

येत्या होळीला पुडी आणू नका, पळसाची फुलं उकळा. आणि दिवाळीनंतर एक रात्र झाडीपट्टीत काढा. ‘रंग’चे दोन्ही अर्थ, कापडाचा आणि नाटकाचा, तुम्हाला शब्दकोश न उघडता कळतील.