पोटावरून, दुर्बिणीतून आणि खालून

गर्भपिशवी काढायची ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पोट उघडून की दुर्बिणीतून?’ निम्मे उत्तर या प्रश्नातच गृहीत धरलेले असते. पोट उघडणे जुने, दुर्बीण नवी, रोबोट त्याहून नवा. जितके नवे तितका त्रास कमी, तेव्हा ऐपत असेल त्याने वरचे घ्यावे, असा हा पूर्वपक्ष. शिकल्यासवरल्या घरांत तो इतका मुरला आहे की एखाद्या डॉक्टरांनी ‘खालून काढू’ म्हटले, तर ‘यांच्याकडे दुर्बीण नाही वाटतं’ अशी कुजबुज होते.

पूर्वपक्षातले खरे आधी मान्य करू. पोटावरच्या मोठ्या छेदाशी तुलना केली तर दुर्बिणीने दुखणे कमी होते, रुग्णालयातला मुक्काम घटतो, जखम चिघळण्याची भीती कमी राहते आणि बाई लवकर कामाला लागते. वाद या तुलनेबद्दल नाही. तिच्यातून तिसरा मार्ग गाळला जातो, याबद्दल आहे.

योनिमार्गातून, म्हणजे खालून, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत लांगेनबेकने १८१३ साली केली. पोटावरून गर्भाशय काढण्याचा मँचेस्टरच्या चार्ल्स क्लेचा प्रयत्न १८४३चा, आणि दुर्बिणीतून ते पहिल्यांदा काढले अमेरिकेत हॅरी राइकने, १९८८ मध्ये. म्हणजे तिन्हींत सर्वांत जुना मार्ग खालचाच. आता पुरावा पाहा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात ४७ चाचण्यांतल्या ५,१०२ स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा की शक्य असेल तिथे खालून काढणेच उजवे. ते जमत नसेल तर पोट उघडण्यापेक्षा दुर्बिणीचे काही फायदे आहेत, पण तिला वेळ जास्त लागतो आणि मूत्रमार्गाला इजा होण्याचा धोकाही अधिक. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये खालच्या मार्गालाच पहिली पसंती दिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत खालून काढायला ३९ मिनिटे लागत होती, तर दुर्बिणीला ७२. त्यानंतर दुर्बिणीवरचे हात पुष्कळ सरावले आहेत, हे मात्र सांगायलाच हवे.

या शस्त्रक्रियेत होते काय? गर्भाशयाच्या तोंडाभोवती गोल छेद घेतात, पुढची लघवीची पिशवी हलक्या हाताने वर सारतात, मग गर्भाशय धरून ठेवणारे बंध आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या खालून वर एकेक बांधत जातात. गाठींमुळे गर्भाशय मोठे झाले असेल तर ते मधोमध दुभागून किंवा गाठी एकेक सोडवून बाहेर घेतात. पोटावर एकही व्रण नाही. पुष्कळदा कमरेत इंजेक्शन देऊन भूल पुरते. दुर्बिणीसाठी पोटात वायू भरावा लागतो, डोके खाली करून टेबल तिरके करावे लागते आणि सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. हृदय किंवा फुप्फुसे नाजूक असलेल्या वयस्क बाईच्या बाबतीत हा फरक लहान नाही. ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. टाके असतातच, ते आत असतात आणि विरघळतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे अंग बाहेर आलेल्या बायकांसाठी; सिझर झालेल्या किंवा नॉर्मल बाळंतपण न झालेल्या बाईचे खालून कसे काढणार? याला उत्तर मुंबईतूनच मिळाले आहे. डॉ. शिरीष शेठ यांनी अंग खाली न आलेल्या आणि आधी सिझर झालेल्या स्त्रियांवरही खालून शस्त्रक्रिया केल्या, त्यांवर लिहिले, या विषयावरचा ग्रंथ संपादित केला. ते जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाचे अध्यक्षही होते. सिझरच्या व्रणाला चिकटलेली मूत्रपिशवी सोडवताना बाजूच्या मोकळ्या जागेतून कसे शिरावे, हे त्यांनी दाखवले. हा आक्षेप बाईच्या शरीरापेक्षा शल्यविशारदाच्या सरावावर अधिक बेतलेला आहे.

सराव आटतो त्यालाही कारणे आहेत. खालची शस्त्रक्रिया अरुंद जागेत, शेजारी उभ्या शिकाऊ डॉक्टरला धड दिसणारही नाही अशी चालते. दुर्बिणीत सगळे पडद्यावर दिसते. ते शिकवायला सोपे, परिषदेत दाखवायला सोपे आणि फलकावर लिहायला तर त्याहून सोपे. शिवाय घेतलेले यंत्र वसूलही व्हायला हवे. रोबोटचे उदाहरण बोलके आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाख चौसष्ट हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साध्या आजारासाठी रोबोटने आणि दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. खर्च मात्र रोबोटचा दोन हजार डॉलरहून अधिक.

म्हणून सगळ्यांचे खालूनच काढा, असा उलटा हट्ट धरणेही तितकेच चूक. एंडोमेट्रिओसिसने आतड्याला चिकटलेले गर्भाशय, अंडाशयाची संशयास्पद गाठ, पोटात पसरलेले जुने चिकटाव अशा वेळी आधी आत पाहावे लागते. तिथे दुर्बीण हवीच, कधी पोटही उघडावे लागते. आणि ‘नवे ते सुरक्षित’ या समजुतीला सर्वांत मोठा तडा गेला तो कर्करोगात. गर्भाशयमुखाच्या प्राथमिक कर्करोगावरच्या मूलगामी शस्त्रक्रियेची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बीण वा रोबोटच्या गटात ८६ टक्के. इथे मोठा छेदच बाईच्या बाजूने उभा राहिला.

पोटावरचा व्रण किती मोठा यावर एवढी चर्चा होते, पण आतून काय काय काढले याची चौकशी फारशी होत नाही. अंडाशय राहणार की जाणार, हे मार्गावर ठरत नाही. ते तिन्ही मार्गांत वेगळे ठरवावे लागते. चाळिशीच्या बाईचे दोन्ही अंडाशय गेले तर दुसऱ्या दिवसापासून तिची रजोनिवृत्ती सुरू होते आणि पुढे हाडे व हृदयही त्याची किंमत मोजतात. संमतिपत्रावर सहसा अंडाशयांचा उल्लेख असतो. सही करण्याआधी ती ओळ डॉक्टरांकडून समजावून घ्यावी.