पाटी, चिमूट, वाटी, घमेलं

रहिमतपूरच्या जुन्या मशिदीजवळ बुरुजासारखं एक उंच बांधकाम आहे. खाली विहीर, एका अंगाला चढण. हत्तीने मोट ओढायची, पाणी उंचावर न्यायचं आणि तिथून मशिदीपुढच्या कारंज्याला सोडायचं, अशी ही योजना. १८८५च्या सातारा गॅझेटियरने तिची मुद्दाम दखल घेतली आहे. तुम्ही भिंतीला टेकता आणि दोन दगडांमधल्या सांध्यावर अंगठ्याचं नख ओढता. चुना हलत नाही.

पुन्हा ओढता, तर नख आत रुततं. चुना ओला आहे.

विजापूरच्या गादीवर मुहम्मद आदिलशहा आहे आणि ज्याची म्हणून इथली कबर ओळखली जाते, तो सरदार रणदुल्लाखान अजून हिंडता-फिरता आहे. समोर घाणी चालू आहे. गोल दगडी चरातून बैल जड चाक फिरवतोय आणि चाकाखाली चुना-वाळू मळली जातेय. तुमच्या हातात कुणीतरी पाटी देतं. एकाला दोन, एवढं ऐकून तुम्ही एक पाटी चुना आणि दोन पाट्या वाळू ओतता. गवंडी धावत येतो.

"एक पाटी, पण कुठला? कळीचा का विरलेला?"

तुम्ही गप्प. हौदातल्या पाण्यात पडलेली चुन्याची कळी तुमच्यादेखत तडतडते, वाफाळते, फुटते आणि फुगून दुपटीच्याही वर जाते. म्हणजे कळीची एक पाटी आणि विरलेल्या चुन्याची एक पाटी यांत निम्म्याहून जास्त फरक. आकडा तोच, माल वेगळा.

मग तो तुम्हाला आकड्याचं मूळ दाखवतो. कोरड्या वाळूने घागर काठोकाठ भरतो आणि वर पाणी ओतत राहतो. भरलेल्या घागरीत आणखी घागरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी सहज जिरतं. वाळूच्या कणांमध्ये एवढी पोकळी असते आणि चुन्याला ती भरायची असते. त्याहून कमी चुना पडला तर सांधा भुगा होऊन गळतो, फारच जास्त पडला तर सुकताना आक्रसून तडकतो. एकाला दोन, एकाला तीन ही मापं या पोकळीतून आली आहेत. वाळू बदलली की घागर पुन्हा भरायची. पाण्याशी संबंध येणाऱ्या सांध्यात तो सुरखी, म्हणजे भाजल्या विटेची भुकटी घालतो, कारण ती असली की चुना ओलीतही धरतो. मला विचाराल तर त्या गवंड्याला अभियंता न म्हणण्याचं काही कारण नाही.

सुरखीने लाल झालेले हात झटकत तुम्ही गावाबाहेर पडता. शिवारातून धूर येतोय, त्या दिशेने चालत राहता. वास गोड आहे. तुम्ही १९५८च्या हिवाळ्यात पोचलात.

गुऱ्हाळावर काहील रटरटतेय. गुळव्याने भेंडीचा चिकट रस टाकलाय, मळी वर आलीय, ती झाऱ्याने काढणं चाललंय. आता चुन्याचं पाणी. इथेही चुनाच, पण चिमटीतला. तुम्ही विचारता, किती घालायचा?

"पाव्हणं, ते रसाला इचारायचं. काल खोडवा हुता, आज आडसाली हाय."

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्याला पुन्हा फुटलेलं पीक, आडसाली म्हणजे नव्याने लावलेलं, लांब मुदतीचं. त्याचं उत्तर टाळाटाळीचं नाही. उसाचा रस मुळात आंबट असतो. तसाच उकळला तर त्यातली साखर फुटते, तिचे खडे जमत नाहीत आणि ढेप बोटाने दाबली जाईल इतकी मऊ राहते. चुना आंबटपणा मोडतो, पण हात सैल सुटला की गूळ काळपट पडतो. त्यात ऊस शिळा असेल तर रस जास्त आंबट आणि क्षारपड रानातला असेल तर गोष्ट आणखी निराळी. गुळव्या पाक थेंबभर गार पाण्यात टाकतो, बोटांत वळतो आणि गोळी ठणकली की जाळ ओढायला सांगतो. थर्मामीटर लावला असता तर पारा ११८ अंशांच्या आसपास दिसला असता. त्याला थर्मामीटर ठाऊक नाही, आणि त्याचं काही अडतही नाही.

बाजारात मात्र गोंधळ आहे. १ ऑक्टोबर १९५८पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनं येऊ लागली आहेत. शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमने भारी. लोणच्याचं सगळंच सामान किलोने आणलं तर काही बिघडत नाही. मीठ किलोने आणि कैरी जुन्या शेराने घेतली, की लोणचं खारट.

हे कोडं पुढे एका बाईने सोडवलं. रहिमतपूरवरून जाणाऱ्या रेल्वेने मिरजेकडे निघालात की किर्लोस्करवाडी लागते, तिच्याजवळचं कुंडल हे कमलाबाई ओगल्यांचं जन्मगाव. १९७० साली त्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक आलं. तुम्ही रहिमतपुरातल्या एका माजघरात उभे आहात. सून पुस्तक उघडून बसलीय, सासूबाई आलेपाकासाठी आलं किसतायत. पुस्तकात तोळे-मासे नाहीत. वाट्या आणि चमचे आहेत.

"एक वाटी आल्याला दोन वाट्या साखर," सून म्हणते.

"वाटी कुणाची? तुझ्या माहेरची का आपली?"

"कुठलीही चालेल, आई. दोन्हीला एकच घेतली म्हणजे झालं."

सासूबाईंचा किसणारा हात थांबतो. मग त्या आल्याचा तुकडा मोडून दाखवतात: हे नवं आहे, पाणीदार, पाक आळायला वेळ घेईल. जुनं दोरेदार आलं असतं तर वाटी थोडी उणी भरली असती. सून पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने तसं लिहून ठेवते. माझ्या मते त्या पानावरची सर्वात मोलाची ओळ तीच.

बाहेर पाऊस लागलाय. दारातून पाऊल टाकता ते थेट आजच्या बांधकामावर. मिक्सर गरगरतोय. मुकादम सिमेंटच्या एका घमेल्याला सहा घमेली वाळू मोजतोय आणि वाळू ओली आहे. किंचित ओल्या वाळूत कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग पावपटीपर्यंत फुगतो. म्हणजे मोजली सहा घमेली आणि पडली पाचाच्याही आत. कोरड्या दिवशी सहाची सहा पडतात. एकाच भिंतीत दोन प्रमाणं.

घरचं काम चालू असेल तर पावसाळ्यात एकदा एवढं करून पाहा. बादली ओल्या वाळूने काठोकाठ भरा, ती वाळू बाजूला काढा, बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू परत सोडा. ती काठापासून जेवढी खाली बसेल, तेवढी तुम्ही हवा मोजत होता.