नोंदवहीबाहेरचा सामना



२०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत आपल्या कुरुंदवाडच्या तीन गड्यांनी, गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी, वजन उचलण्यात तीन ब्राँझपदके मिळवली, हे या मांडवात बसलेल्या कोणाला सांगायला नको. लोखंडाचा एक गुण मोठा आहे. उचलले की उचलले. किती किलो ते लिहिले जाते आणि ती नोंद कायमची राहते. संघाच्या खेळाची नोंद मात्र इतकी सरळ नसते. कोणी कोणाशी खेळायचे हे मैदानात उतरण्याआधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते, आणि वहीत येते ते त्यानंतरचे. आज मी एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची हकीकत सांगणार आहे. गाव दूरचे आहे, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले डरहॅम. पण हकीकत ऐकल्यावर ते तितके दूर वाटेल असे नाही.

आधी खेळाविषयी थोडे. बास्केटबॉलचा जन्म केव्हा, कोठे आणि कोणाच्या हातून झाला हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. असे भाग्य आपल्या हुतुतूच्या वाट्याला आलेले नाही. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकशाळेत डॉ. जेम्स नेस्मिथ नावाच्या कॅनडातून आलेल्या शिक्षकाला थंडीच्या दिवसांत घरात खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन भाग पाडले. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला म्हणतात. पुढे त्याच संस्थेच्या शाखांबरोबर हा खेळ जगभर पसरला. आपल्या देशात हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तिचा यात मोठा वाटा आहे.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथम स्थान मिळाले. त्याच वेळी तेथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी आपले देशी खेळ करून दाखवले होते. बास्केटबॉलचा अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. म्हातारे नेस्मिथ तेथे हजर होते.

हे नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथल्या संघाला शिकवू लागले. त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. आजवर त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाचे जेवढे प्रशिक्षक झाले, त्यांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले हे एकटेच, आणि खेळ काढला तो त्यांनीच! केवळ नोंदवही वाचणाऱ्याने नेस्मिथना नापास केले असते.

१९३३ साली याच विद्यापीठात जॉन मॅक्लेंडन नावाचा एक काळा विद्यार्थी शारीरिक शिक्षण शिकायला आला. विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती. तेथे काळ्यांना घेत नसत. पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक, आणि पोहण्याचा हौद गोऱ्यांचा. हा मुलगा एक दिवस सरळ जाऊन पाण्यात उतरला. त्यावर हौदातले सगळे पाणी काढून टाकण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही कल्पना केवळ आपल्याकडचीच आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले. मुलाने परीक्षा दिली, १९३६ साली पदवी घेतली, आणि ज्या संघात त्याला खेळू दिले नाही त्या संघाच्या आद्य गुरूकडूनच तो खेळ शिकून बाहेर पडला.

१९४० साली मॅक्लेंडन डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर नीग्रोज या महाविद्यालयाचे प्रशिक्षक झाले. नावावरूनच कळेल की ते काळ्यांसाठी वेगळे काढलेले होते. त्या काळी बास्केटबॉल सावकाश खेळत, चेंडू हातोहात फिरवत संधीची वाट पाहत. मॅक्लेंडननी आपल्या मुलांना उलटे शिकवले. चेंडू हाती येताच सगळ्यांनी पलीकडच्या टोपलीकडे धाव घ्यायची, आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. त्यासाठी ते मुलांना इतके पळवत की आपल्या तालमीतल्या वस्तादालाही समाधान वाटावे. १९४३-४४ च्या मोसमात हा संघ एकदाच हरला. पण देशातल्या दोन्ही मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धांचे दार त्याला बंद होते. ज्याला उत्तम संघांशी खेळूच दिले नाही, तो किती उत्तम हे ठरायचे कसे?

आपल्याकडे पळवणकर बाळूंच्या बाबतीत हेच झाले होते. पुण्यात ते हिंदूंच्या संघातून गोलंदाजी करत, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या घरात यायला १९२३ साल उजाडावे लागले, आणि तेही धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या, रूपाने. आपल्यापासून जवळच असलेल्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू छत्रपती आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले, तोही याच भांडणाचा एक प्रसंग.

आता डरहॅमचा सामना. त्याच गावात ड्यूक विद्यापीठ, गोऱ्यांचे. युद्धाचे दिवस असल्याने त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात निरनिराळ्या ठिकाणचे पट्टीचे खेळाडू शिकायला आलेले होते, आणि गावातला सर्वांत चांगला गोरा संघ त्यांचाच समजला जाई. दोन्हीकडचे काही विद्यार्थी वाय.एम.सी.ए.च्या निमित्ताने चोरून भेटत. तेथे बोलता बोलता विषय निघाला की आपल्यात खरा चांगला संघ कोणाचा? एकत्र खेळणे त्या राज्यात निषिद्ध होते. तुरुंग तर होताच, जमावाच्या हातून जीव जाण्याचीही भीती होती.

१२ मार्च १९४४, रविवार. सकाळची वेळ मुद्दाम निवडली, कारण गाव प्रार्थनेला गेलेले. ड्यूकची मुले आडवळणाने मोटारीतून आली आणि डोक्यावर कोट ओढून व्यायामशाळेत शिरली. दारांना आतून कुलूप लागले. पंच होता, घड्याळ होते, प्रेक्षक नव्हते. पहिली काही मिनिटे दोन्ही बाजूंचे हात कापत होते. सोपे चेंडूही टोपलीत पडेनात. काळ्या मुलांपैकी कित्येक जण गोऱ्या माणसाच्या अंगाला अंग लावून असे आयुष्यात प्रथमच उभे होते. मग हळूहळू भीती ओसरली आणि मॅक्लेंडनची ती धाव सुरू झाली. गोऱ्यांनी असा खेळ पाहिलेलाच नव्हता. सामना संपला तेव्हा गुण होते ८८ विरुद्ध ४४. नेमके दुप्पट.

मला याहून पुढचे आवडते. सामना संपल्यावर मुलांनी आणखी एक डाव मांडला, आणि या वेळी गोरे-काळे मिसळून संघ केले. अर्ध्यांनी सदरे घातले, अर्ध्यांनी काढले. कोण कोणाचा हे ओळखायला तेवढी खूण पुरली. नंतर सगळे वसतिगृहात गप्पा मारत बसले.

याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. काळ्यांच्या एका साप्ताहिकाच्या बातमीदाराला सुगावा लागला होता, पण त्यानेही बातमी छापली नाही. बातमीदाराने बातमी गिळणे ही केवढी गोष्ट आहे, हे वर्तमानपत्रात काम केलेल्यांनाच कळेल. त्याचे भय खोटे नव्हते. त्याच वर्षी ८ जुलैला, त्याच डरहॅममध्ये, बुकर स्पायसली नावाच्या काळ्या सैनिकाची बसमधल्या जागेवरून चालकाशी बोलाचाली झाली, आणि चालकाने त्याला गोळ्या घातल्या. चालक निर्दोष सुटला.

बावन्न वर्षांनी, १९९६ साली, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंना गाठून ही हकीकत प्रसिद्ध केली. २०१५ साली त्यावर त्यांचा ग्रंथही आला. तोवर देशातला खेळ पालटला होता. १९६६ साली टेक्सस वेस्टर्न महाविद्यालयाच्या पाच काळ्या खेळाडूंनी सुरुवात केलेल्या संघाने केंटकीच्या सगळ्या गोऱ्या संघाला अंतिम सामन्यात ७२ विरुद्ध ६५ असे हरवले, ते हजारो प्रेक्षकांसमोर. त्याआधीच, १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे, मॅक्लेंडनच्या टेनेसीमधल्या संघाने लहान महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली होती.

स्प्रिंगफील्डला या खेळाचे कीर्तिमंदिर आहे. त्याला नेस्मिथ यांचे नाव दिलेले आहे. १९७९ साली मॅक्लेंडनना तेथे घेतले, पण खेळाला हातभार लावणारे म्हणून. ते १९९९ साली वारले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव तेथे लागले ते २०१६ साली.